दुसऱ्या पुरवठादाराचा शेअर

जुलै २०१५ मध्ये एएमडीचा शेअर दोन डॉलरच्याही खाली होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच कंपनीचे बाजारमूल्य इंटेलच्या पुढे गेले. मधल्या वर्षांची कथा हल्ली लिसा सू यांच्या चरित्रासारखी सांगितली जाते. जुने वार्षिक अहवाल आणि न्यायालयांचे निकाल वाचत गेल्यावर मला ती अर्धीच वाटू लागली.

एएमडीला इंटेलसमोर उभे केले ते गिऱ्हाइकाने. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. पण एकाच पुरवठादारावर विसंबायची तिची तयारी नव्हती. म्हणून १९८२ च्या करारानुसार एएमडी इंटेलच्याच आराखड्यांवर चिप बनवू लागली. पुढे ३८६ आली आणि इंटेलने आराखडे द्यायचे नाकारले. १९८७ मध्ये भांडण लवादाकडे गेले. एएमडीने त्या चिपचा स्वतःच उलगडा करून १९९१ मध्ये आपली ३८६ आणली. लवादाचा निवाडा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो १९९४ मध्ये. तोवर इंटेलची पेंटियम दुकानांत येऊन वर्ष उलटले होते. खटला जिंकला, पण भागधारकाच्या पदरात फारसे काही पडले नाही.

२००३ ची ऑप्टेरॉन सरस होती. एएमडीची ६४ बिटची पद्धत अखेर इंटेललाही घ्यावी लागली. पण २००६ मध्ये एटीआय विकत घेताना कर्ज वाढले, कारखाने झेपेनात. २००९ मध्ये ते ग्लोबलफाउंड्रीज या नावाने वेगळे झाले. त्याच वर्षी इंटेलने सव्वा अब्ज डॉलर देऊन तंटा मिटवला. तरी २०१३ मध्ये ऑस्टिनचे स्वतःचे आवार विकून तिथेच भाडेकरू होण्याची पाळी आलीच.

कारखाने गेले हेच पुढे पथ्यावर पडले, असे माझे मत आहे. २०१७ मध्ये झेन आली. २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचे काम सोडले, तेव्हा एएमडी तैवानच्या टीएसएमसीकडे वळू शकली. इंटेल मात्र स्वतःच्या कारखान्यांत १० नॅनोमीटरपाशी वर्षानुवर्षे अडली. २०१५ मध्ये शेअर घेणाऱ्याला हे दिसणे शक्यच नव्हते. ज्यांना दिसले असे आज म्हणतात, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

आता समोर एन्व्हिडिया आहे आणि गिऱ्हाइकांना पुन्हा दुसरा पुरवठादार हवा आहे. फरक किमतीत आहे. ऑक्टोबर २०२५ च्या करारात ओपनएआयने एएमडीच्या चिपा घेण्याचे कबूल केले, आणि त्या बदल्यात टप्प्याटप्प्याने १६ कोटींपर्यंत शेअर जवळजवळ फुकट घेण्याचा हक्क मिळवला. आयबीएमने १९८२ मध्ये असे काही मागितले नव्हते.