अन्नाधारित समृद्धीकरण (बंदिस्त नरवानरांचे)

प्राणिसंग्रहालयातील वा प्रयोगशाळेतील माकडे व कपी यांना अन्न आयते न देता ते शोधायला, सोलायला, उकरायला लावण्याची पद्धत. रानातल्या चिंपँझीचा जवळजवळ निम्मा दिवस अन्न शोधण्यात व खाण्यात जातो. पिंजऱ्यात थाळी काही मिनिटांत रिकामी होते. मग केस उपटणे, एकसारखे डोलणे, ओकलेले पुन्हा खाणे असे विकार जडतात.

चिंपँझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी १९६० साली गोंबे (आजचा टांझानिया) येथे चिंपँझींना काडीने वारुळातील वाळवी काढताना पाहिले. त्याच धर्तीवर पुढे अनेक प्राणिसंग्रहालयांत कृत्रिम वारुळे उभारली गेली. त्यांच्या भोकांत मध किंवा फळांचा गर भरतात. काडी तोडून योग्य आकाराची करणे हे काम मात्र चिंपँझीचे. मार्मोसेट माकडे झाडाची साल कुरतडून डिंक खातात, म्हणून त्यांना भोके पाडलेल्या ओंडक्यांत डिंक देतात. भुशात विखुरलेले दाणेही माकडांना बराच वेळ गुंतवतात. खर्च जवळजवळ नाही.

अशा उपायांना कायद्याचाही आधार आहे: अमेरिकेत प्राणिकल्याण कायद्याच्या १९८५ च्या दुरुस्तीने नरवानरांच्या मानसिक स्वास्थ्याची तरतूद बंधनकारक झाली.

समृद्धीकरणासाठीचे अन्न रोजच्या आहारातूनच वळते करावे लागते, नाहीतर प्राणी लठ्ठ होतात. एकाच जागी ठेवल्यास कळपातील दांडगे ते बळकावतात आणि दुबळे उपाशी राहतात.