‘करूलालास’मधला गळालेला ग

कळंबच्या स्टँडवर कुणा म्हाताऱ्याला विचारा, "मामा, कुठं जाऊलालाव?" उत्तर येतं, "तुळजापूरला जाऊलालो की." धाराशिव-लातूरकडं ही क्रियापदं इतकी अंगवळणी पडलेली, की ती वेगळी आहेत हे कळायला पुण्याला जावं लागतं. मी गेलो, तेव्हा खोलीतल्या पोरांनी पहिल्याच रात्री माझं नाव ‘लाला’ ठेवलं. फोनवर आईला "काय करूलालीस?" एवढंच विचारलं होतं. ती म्हणाली, "भाकरी थापूलाले."

त्या ‘लाला’चं कूळ चांगलं जुनं आहे. मूळ रूप ‘करू लागलास’. संस्कृतातल्या ‘लग्न’चं, म्हणजे चिकटलेल्याचं, प्राकृतात ‘लग्ग’ झालं आणि मराठीत ‘लाग’. ‘बोलों लागला’ ही घडण जुन्या मराठीत जागोजाग भेटते. तिथं अर्थ आरंभाचा, बोलायला सुरुवात केली असा. आमच्याकडं आरंभ मागं पडला, काम चालू असल्याचा अर्थ तेवढा राहिला. कामाला चिकटलेला माणूस ते करतच असणार. कधी चिकटला, याची चौकशी कोण करतो!

आता तोंडात काय होतं ते बघा. क-रू-लाग्-लास: चार उच्चारखंड. क-रू-ला-लास: पुन्हा चारच. ‘लाग्’च्या शेवटी अडकलेला ग पुढच्या ‘ल’ला टेकताना गळाला, बाकी सगळे खंड जागच्या जागी. बाईमाणूस असेल तर ‘लालीस’, मान द्यायचा तर ‘लालाव’. लिंग, वचन, पुरुष सगळं शाबूत. आणि आम्हाला हसणाऱ्यांचं ‘करतो आहेस’? कर-तो-आ-हेस, चार. त्याचं झालं ‘करतोयस’, कर-तो-यस, तीन. अख्खा खंड गिळला, तरी ते छापूनसुद्धा येतं. आमचा एक ग गेला तर आम्ही गावंढळ!

मराठीच्या घडणीवरचा मोठा शास्त्रीय ग्रंथ १९२० साली छापला गेला तो फ्रेंचमध्ये, ज्यूल ब्लॉक यांचा, वा. गो. परांजप्यांनी तो पुढं मराठीत आणला. ब्लॉक यांच्या मायबोलीतला भविष्यकाळ असाच झिजून झालेला आहे. लॅटिनमध्ये ‘कांतारे हाबेओ’ म्हणजे ‘मला गायचं आहे’. त्यातलं ‘हाबेओ’ घासत घासत नुसतं ‘ए’ उरलं आणि गाण्याच्या क्रियापदाला चिकटून ‘शाँतरे’ झालं, मी गाईन. ‘आम्ही’च्या रूपात तर ‘आव्हों’चा (म्हणजे ‘आमच्याकडं आहे’चा) सुरुवातीचा तुकडाच उडाला, उरलं ‘शाँतरों’. लिहिताना तिथं काही शेपटं जपतात, बोलताना ऐकूही येत नाहीत.

या जोडकामाचा जुना दाखला फ्रेडेगारच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ७व्या शतकातल्या बखरीत सापडतो. इराणचा राजा मुलूख द्यायला तयार नाही. रोमन बादशहा जस्टिनियन म्हणतो, "दारास", देशील! हे ‘दारे हाबेस’चं आटलेलं रूप. तिथल्या शहराचं नावही त्यावरूनच दारास पडलं, असं बखरकार ठोकून देतो. शहर जस्टिनियनच्या आधीच वसलं होतं, तेव्हा ही थापच. पण थाप मारायची म्हणून त्यानं लोकांच्या तोंडातलं रूप जसंच्या तसं लिहून ठेवलं.