इतिहासाची वचनचिठ्ठी

कॉमर्सच्या माणसाने इतिहासावर बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. आमचा इतिहास 1 एप्रिलला सुरू होतो आणि 31 मार्चला संपतो. मध्ये परचक्र म्हणजे फार तर ऑडिटची स्वारी! तरीसुद्धा एका इतिहासकाराविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण या गृहस्थांनी आमच्या धंद्याचं बिंगच फोडलं आहे. नाव युवाल नोआ हरारी.

जन्म 1976 सालचा, इस्राएलमधला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकले आणि ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात जाऊन 2002 साली डॉक्टर झाले. विषय काय, तर पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या युरोपीय सैनिकांनी लिहून ठेवलेल्या लढायांच्या आठवणी. त्यावर 2004 साली पुस्तक काढलं. मग 2007 साली मध्ययुगातल्या छुप्या मोहिमांवर, म्हणजे किल्ले फितुरीने घेणं, राजे पळवणं वगैरेंवर दुसरं. आता अशा पुस्तकांना वाचक किती असणार? एक लेखक, दुसरे त्यांचे गुरुजी आणि तिसरा मुद्रितं तपासणारा, तोही पगारी!

पण विद्यापीठात त्यांच्याकडे जगाच्या इतिहासाचा प्राथमिक वर्ग आला. नव्या पोरांसमोर माकडापासून मोबाइलपर्यंतचा इतिहास एका सत्रात उरकायचा! तिथे तळटिपा चालत नाहीत. तिथे मागच्या बाकावरचा मुलगा जागा ठेवावा लागतो. त्या व्याख्यानांचं 2011 साली हिब्रूत पुस्तक झालं, 2014 साली ते 'सेपियन्स' या नावाने इंग्रजीत आलं, आणि 2015 साली फेसबुकच्या झुकरबर्गने ते आपल्या वाचनयादीत घातलं. मग काय विचारता! साठाहून अधिक भाषांत भाषांतरं झाली, त्यात आपली मराठीही आली. खप कोटींच्या घरात गेला. आमच्या शाखेत कर्जाच्या अर्जापलीकडे काही न वाचणारे एक साहेबसुद्धा 'सेपियन्स' टेबलावर ठेवू लागले. उलगडून नव्हे, नुसतं ठेवू लागले.

आता बिंगाकडे येतो. हरारी म्हणतात, माणूस इतर प्राण्यांना भारी पडला तो गोष्टींच्या जोरावर. अनोळखी माणसं लाखांनी एकत्र काम करतात, कारण एकाच गोष्टीवर सगळ्यांचा विश्वास असतो. देश, कायदा, कंपनी, सगळ्या आपणच रचलेल्या कथा. आणि त्यातली सगळ्यांत यशस्वी कथा कुठली? पैसा! देव एकाचा दुसऱ्याला चालत नाही, नोट मात्र सगळ्यांना चालते.

हे वाचून इतरांना धक्का बसला असेल. मला बसला नाही. मी 2016 साली कॅश काउंटरला होतो. 8 नोव्हेंबरला रात्री आठ वाजता जाहीर झालं, की मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजारच्या नोटा चलनात नाहीत. 10 तारखेला बँक उघडली तेव्हा रांग कोपऱ्यावरच्या मारुतीच्याही पुढे गेली होती. एका आजींनी लुगड्याच्या पदरातून पाचशेच्या आठ नोटा काढल्या आणि विचारलं, "परवापर्यंत चालत होती ना रे ही? मग हिला झालं काय?"

काय सांगणार? कागद तोच, शाई तीच, गव्हर्नरसाहेबांची सहीही तीच. फक्त गोष्ट संपली होती. मी म्हटलं, "काही नाही आजी, बदलून देतो." हरारींना हे मांडायला अख्खं पुस्तक लागलं, आजींनी प्रश्न एका वाक्यात विचारला होता.

गोष्टींवर विश्वास नसलेला हा माणूस स्वतः काय करतो, तर डोळे मिटून श्वासाकडे बघतो. ऑक्सफर्डला शिकत असताना, 2000 साली, ते विपश्यनेच्या पहिल्या शिबिराला गेले. गुरू सत्यनारायण गोयंका, म्हणजे आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीचे. 'होमो डेउस' हे पुढचं पुस्तक हरारींनी गोयंकांनाच अर्पण केलं आहे. आपण मुंबई-नाशिक प्रवासात इगतपुरीला बटाटेवडा घेतो. लोक तिथून काय काय घेऊन जातात!

इथवर सगळं जमेच्या बाजूला. आता नावेही पाहिली पाहिजे. जाणकार मंडळी म्हणतात, हे गृहस्थ फार ठामपणे बोलतात. शेतीला ते इतिहासातली सर्वांत मोठी फसवणूक म्हणतात, गव्हानेच माणसाला पाळलं म्हणतात. वाचायला बहार येते, पण हजारो वर्षांचा हिशेब असा एका ओळीत मांडला, की पैशांचे आकडे रुपयांत मोडतात. लाख जणांसाठी लिहायचं तर तळटिपा गाळाव्या लागतात, हे मला कळतं. पण आमच्याकडे एक रुपया जुळला नाही तर रात्री नऊपर्यंत घरी जाता येत नाही, तेही आहेच.

2019 साली तर वेगळंच निघालं. त्यांच्या '21 लेसन्स' या पुस्तकात खोटेपणाचं उदाहरण म्हणून पुतिन यांचा क्रिमियाबाबतचा दावा होता. रशियन आवृत्तीत तो जाऊन तिथे ट्रम्प आले, आणि तेही लेखकाच्या संमतीने. पुस्तक तिथल्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून असं केलं, हा त्यांचा खुलासा. हेतू चांगला असेल. पण आमच्या लेजरचा एक नियम आहे : खाडाखोड करायला हरकत नाही, मात्र जुना आकडा वाचता आला पाहिजे आणि शेजारी सही पाहिजे. खोटेपणावरच्या प्रकरणातली नोंद बदलली आणि शेजारी सही नाही, हे मला खटकतं. तीनच वाचक असलेल्या प्राध्यापकावर ही पाळी कधीच आली नसती. गिऱ्हाईक वाढलं की मोह वाढतो. हे बँकांनाही लागू आहे.

म्हणून का हरारी वाचू नयेत? छे! इतिहास म्हणजे सनावळ्या, असं समजून शाळेतच त्याच्याशी फारकत घेतलेल्या माझ्यासारख्या कितीतरी कारकुनांना त्यांनी परत त्याच्या दारात आणून सोडलं. हे लहान काम नाही. फक्त एवढंच, की लेखकही शेवटी नोटेसारखाच. तोही धारकाला एक वचन देतो आणि विश्वासावर चालतो. मोठी नोट हातात आली की आम्ही ती उजेडात धरून बघतो, ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकायला नव्हे, निर्धास्तपणे गल्ल्यात टाकायला.