पंडिता रमाबाई आणि हातांतलें काम

सोलापुराहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावर दोन ठिकाणें लागतात. तीं शेजारीं शेजारीं मांडून पाहावीं असें आम्हांस फार दिवस वाटत आलें आहे. पहिलें माढें. त्या तालुक्यांतील अरण हें सांवता माळ्याचें गांव. दुसरें, दौंड मागें टाकल्यावर येणारें केडगांव. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तेथें आहे. सांवता माळी पंढरपुराच्या इतक्या जवळ राहूनहि वारीस गेला नाहीं, मळ्यांतल्या कामांतच त्यास विठोबा भेटला, अशी परंपरा आहे, आणि ती आमच्या घराघरांत कौतुकानें सांगितली जाते. तोच मार्ग एका ख्रिस्ती बाईनें शेंकडों माणसांच्या रगाड्यांत आचरून दाखविला, इकडे मात्र आमच्या सुशिक्षितांचें लक्ष क्वचितच गेलें. धर्मांतराच्या वादांतच रमाबाईंचें नांव अडकून पडलें.

उद्यांची चिंता करूं नका, असें येशूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें आहे. ह्यावर आक्षेप ठरलेला असतो: ज्यानें उद्यांचा विचार सोडला, त्याचा प्रपंच बुडालाच म्हणून समजावें. ज्या शहराच्या कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या, त्या आमच्या सोलापुरांत तर हा आक्षेप तात्काळ पटेल. केडगांवचा इतिहास मात्र निराळें सांगतो.

रमाबाईंनीं दुष्काळ पुस्तकांत वाचला नव्हता. तरुणपणीं तीर्थयात्रा करीत असतां त्यांचे आईबाप आणि बहीण उपासमारींत गेलीं होतीं. पुढें १८८३ त इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ त मुंबईस शारदासदन निघालें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं निराधार मुली आणल्या. पुण्यांत प्लेग असल्यामुळें त्यांस केडगांवच्या माळावर न्यावें लागलें. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. अमेरिकेंतील बॉस्टन येथें स्थापन झालेल्या मंडळानें शारदासदनास दहा वर्षांच्या मदतीचें वचन दिलें होतें. तें १८९८ त पुरें झालें. ह्या नव्या तोंडांच्या अन्नाची हमी घेणारें तसें कोणी नव्हतें.

अशा स्थितींत रमाबाई हात जोडून बसल्या नाहींत. त्यांनीं विहिरी खणविल्या, जमीन लागवडीस आणली, माग बसविले, तेलाचे घाणे आणि छापखाना सुरू केला. चिंता आणि तयारी ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतों, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो असें आमचें मत आहे. विहीर खणणें हें आजचें काम आहे. ती पुढच्या वैशाखांत आटेल काय, म्हणून रात्रभर कूस बदलीत राहणें हें कोणत्याच दिवसाचें काम नव्हे.

१९०५ त मुक्तिसदनांत प्रार्थनेची जी मोठी लाट उसळली, तिची कीर्ति देशोदेशीं गेली. आम्हांस मात्र त्याच सुमारास तेथें निमूटपणें सुरू झालेलें दुसरें काम अधिक विचार करण्यासारखें वाटतें. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. वय पन्नाशीकडे झुकलेलें. भोंवतीं आजारी मुली, धान्याचे हिशेब, बांधकाम, पत्रव्यवहार. १८७८ त कलकत्त्याच्या विद्वानांनीं जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें, ती बाई नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेडवळ मुलींसाठीं सोपें मराठी शोधीत बसली. कारण प्रचलित भाषांतर त्यांस संस्कृतप्रचुर आणि अवघड वाटे. खिळे जुळविणें, छपाई, बांधणी हीं कामें सदनांतल्या स्त्रियाच करीत. हा क्रम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालला. इतका लांबचा पल्ला डोळ्यांपुढें ठेवून रोज चालवणें कठीण. समोरची ओवी संपल्यावर पुढली घ्यावी, तसेंच हें झालें असलें पाहिजे.

हें भाषांतर वाङ्मय म्हणून थोर आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. मूळ शब्दाशीं इमान राखण्याच्या भरांत वाक्यें जागोजागीं अडखळतात, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतहि त्यानें जुन्या भाषांतराची जागा घेतली नाहीं. फळाच्या मापानें मोजूं गेल्यास हे सारे श्रम वायां गेले असें कोणी म्हणेल. सांवता माळ्याशीं तुलनाहि येथें थोडी तुटते: त्याचा मळा एक होता आणि त्याच्या हातापुरता होता. रमाबाईंच्या संसाराचा भार दुसऱ्यांच्या खांद्यांवरहि पडला. त्यांची कन्या मनोरमाबाई सदनाच्या कामांत आणि सोलापुराच्या पलीकडे ह्याच लोहमार्गावर असलेल्या गुलबर्ग्याच्या शाळेंत राबली, आणि जुलै १९२१ मध्यें आईच्या आधींच गेली. ज्या मुलीच्या हातीं सर्व सोंपवावयाचें, तीच नाहींशी झाली. उद्यांची चिंता म्हणतात ती ह्याहून मोठी कोणती असणार? तरी रमाबाईंनीं भाषांतर टाकलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, त्याच्या थोडेंच आधीं तें काम त्यांच्या हातावेगळें झालें होतें.

छापखाना मात्र चालूच राहिला. सदनांतल्या स्त्रियांनीं उरलेले फर्मे छापले, बांधले, आणि १९२४ त संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.