विमान मागणारे उपदेशक आणि आपल्या शेजारचं केडगाव

पुण्याहून सोलापूर रोडने निघालं की कासुर्डी, मग यवत, आणि पुढे चौफुल्याला डावीकडे वळलं की केडगाव. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दौंड तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. पण टीव्हीवर आणि मोबाइलवर "देणगी पाठवा, देव दसपट देईल" असं सांगणाऱ्या ख्रिस्ती उपदेशकांच्या इतिहासात हे गाव येतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आधी ही शिकवण काय आहे ते पाहू. तिला समृद्धीची शिकवण म्हणतात. देवावर पक्का ईमान असेल तर पैसा आणि तंदुरुस्ती हा तुमचा हक्कच आहे, आणि उपदेशकाच्या संस्थेला दिलेला पैसा म्हणजे पेरलेलं बी, असा तिचा सार. केनेथ हेगिन आणि ओरल रॉबर्ट्स या अमेरिकन उपदेशकांनी ती विसाव्या शतकात पसरवली. 1987 मध्ये रॉबर्ट्स यांनी टीव्हीवरून सांगितलं की मार्चपर्यंत 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. पैसे जमले! जिम बेकर यांची टीव्ही संस्था तर फसवणुकीच्या खटल्यात बुडाली. 1989 मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पुस्तक लिहून आपली शिकवण चुकीची होती असं कबूल केलं. 2018 मध्ये जेसी डुप्लँटिस यांनी 5 कोटी 40 लाख डॉलरच्या जेट विमानासाठी भक्तांकडे हात पसरला. याआधीची तीन विमानं त्यांच्या संस्थेकडे होऊन गेली होती.

हिशेब कोण विचारणार? अमेरिकेत चर्चला दरवर्षी उत्पन्नाचं विवरण सरकारकडे भरावं लागत नाही. सिनेटर चक ग्रासली यांनी 2007 मध्ये अशा सहा संस्थांकडे माहिती मागितली. काहींनी दिली, काहींनी पुरती दिलीच नाही. 2011 मध्ये अहवाल आला, दंड कुणालाही झाला नाही.

आता केडगाव. रमाबाईंनी इथे जमीन घेतली आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायकांना आणलं. पुढे हा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळी कामं बायकाच करायच्या. जून 1905 मध्ये इथल्या प्रार्थनासभांत मोठी जागृती झाली. मुली रडू लागल्या, गुन्हे कबूल करू लागल्या, तासन्‌तास दुआ चालायची. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या ज्या सभांपासून पेंटेकोस्टल पंथाची सुरुवात मानतात, त्या एप्रिल 1906 च्या, म्हणजे केडगावनंतरच्या. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्रम्स यांनी यावर लिहिलेलं पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोहोचलं आणि तिथेही ही चळवळ उभी राहिली. टीव्हीवरचे बरेचसे श्रीमंत उपदेशक याच पंथातून किंवा त्याच्या आसपासून आले.

पण पैशाच्या बाबतीत दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. रमाबाईंवर इंग्लंडच्या जॉर्ज म्युलर यांचा प्रभाव होता. ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळणारे म्युलर माणसांकडे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे. अर्थात मुक्तीला परदेशातून देणग्या येत होत्याच. पाठीराखे होते, आपलं मासिकही होतं. म्हणून "एक पैसा मागितला नाही" अशी भाबडी गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की आलेला पैसा मुलींच्या पोटात आणि विहिरीच्या खोदकामात गेला, आणि "मला द्या म्हणजे तुम्ही श्रीमंत व्हाल" असं देणाऱ्याला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या शिकवणीवर सगळ्यात कडक टीका ख्रिस्ती लोकांनीच केली आहे. असेम्ब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेंटेकोस्टल संघटनेने 1980 मध्येच तिच्याविरुद्ध निवेदन काढलं. बेनी हिन यांचा पुतण्या कोस्टी हिन याने 2019 मध्ये काकांच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा आहे: ईयोबाचा ईमान पक्का होता, तरी माल गेला, मुलं गेली, अंगाला फोड आले. आपण ज्यांना हजरत अय्यूब अलैहिस्सलाम म्हणतो, तेच हे. आजारी माणसाला "तुझा ईमान कमी पडला" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. तेव्हा टीव्हीवरचं विमान पाहून शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला तोलू नये. तसं पाहिलं तर क्यूआर कोड दाखवून रोजी वाढवण्याचा वजीफा विकणारे व्हिडिओ आपल्याही ग्रुपवर फिरतातच की.

घरात कुणी आजारी असलं की असा मेसेज हमखास येतो आणि अम्मीच्या हातून पैसे जातात. आपल्याकडे धर्मादाय संस्थांची नोंदणी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते, आणि वक्फ संस्थांची वक्फ मंडळाकडे. पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. चमत्काराचा दावा करून कुणी लुबाडलं, तर 2013 चा जादूटोणा विरोधी कायदा कुठल्याही धर्माच्या माणसाला लागू होतो. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.