गौतमीचा पुत्र

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत महाराष्ट्रावर मोठे परचक्र आले होते. नाशिक, कार्ले, जुन्नर हा मुलूख क्षहरात नहपानाच्या हाती जाऊन सातवाहनांचे कुळ निस्तेज झाले होते. त्या कुळाची गेलेली प्रतिष्ठा परत मिळविणारा वीर म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी होय. जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी सुमारे नऊ हजारांवर याच विजेत्याचा शिक्का उमटलेला आहे.

हा पराक्रम कोणत्या संस्कारांत वाढला, याची साक्ष त्याची माता गौतमी बलश्री हिनेच ठेविली आहे. नातू पुळुमावी याच्या कारकीर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने नाशिकच्या लेण्यात लेख कोरविला. शक, यवन व पह्लव यांचा निःपात त्यात आहेच. परंतु पुत्र मातृसेवेत तत्पर होता, प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होता आणि अपराधी शत्रूचाही प्राण घेणे त्यास रुचत नसे, हेही तिने आवर्जून सांगितले. सातकर्णीच्या चोविसाव्या वर्षी भिक्षूंना पडीक शेताऐवजी शंभर निवर्तने दुसरी जमीन देण्यात आली. ती आज्ञाही राजा व राजमाता या उभयतांची आहे.

आपल्या सातारा-सांगलीकडील कित्येक वंशावळींत मात्र पुरुषामागून पुरुष येतो आणि मातांच्या जागा रित्या राहतात. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर आज्या-पणज्यांची नावे व माहेरे विचारून टिपून ठेवावीत, ही ज्ञातिबंधू-भगिनींस नम्र विनंती.