लम्पीला शेळीची लस का चालली? विषाणूंची कुळं आणि त्यांची बदलती नावं

करावे (नवी मुंबई) : ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी राज्यभर पसरत गेला, तेव्हा गावोगावी गायी-बैलांना टोचलेली लस 'गोट पॉक्स'ची, म्हणजे शेळ्यांच्या देवी रोगाची होती. शेळीची लस गायीला कशी चालेल, अशी शंका अनेक पशुपालकांना आली. त्याचं उत्तर विषाणूच्या कुळात आहे.

विषाणूंची वर्गवारी आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती करते. १९६६ साली मॉस्कोच्या परिषदेत या कामाची सुरुवात झाली. कुळ म्हणजे भावकी, त्यातली प्रजाती म्हणजे एक घर, आणि जाती म्हणजे घरातला एकेक जण, असं समजलं तरी चालेल. कुळाच्या नावाच्या शेवटी 'विरिडी' असतं. पूर्वी रोग कोणता आणि विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो कसा, यावरून भावकी ठरायची. आता जनुकांचा क्रम वाचून ठरते, म्हणून जुन्या वाटण्या मोडतात आणि नावं बदलतात.

लम्पीचा विषाणू पॉक्सविरिडी कुळातला. त्याची प्रजाती कॅप्रिपॉक्सव्हायरस. या घरात तिघंच : मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी. तिघांची जनुकं जवळजवळ सारखी, त्यामुळे एकाची लस दुसऱ्याला अडवते. म्हणूनच गोट पॉक्सची लस वापरली गेली. पुढे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी थेट लम्पीच्या विषाणूपासून लस बनवली. तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला.

माणसाची देवी याच कुळातली, पण घर वेगळं. लम्पी माणसाला होत नाही. कांजिण्या तर या भावकीतच नाहीत, फोड सारखे दिसले तरी. त्या हर्पिसच्या कुळातल्या, आणि त्या कुळाचंही नाव अलीकडे हर्पिसविरिडीचं ऑर्थोहर्पिसविरिडी झालंय.

नावं बदलण्यात कोंबड्यांच्या मानमोडीची बरोबरी कुणी करणार नाही. आपल्याकडे मानमोडी, सरकारी कागदावर राणीखेत, परदेशात न्यूकॅसल. विषाणूचं नाव आधी एव्हियन पॅरामिक्सोव्हायरस १, मग एव्हियन ॲव्हुलाव्हायरस १, मग एव्हियन ऑर्थोॲव्हुलाव्हायरस १, आणि आता ऑर्थोॲव्हुलाव्हायरस जावान्स. १९२६ मध्ये हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडच्या न्यूकॅसलला आढळला होता, त्यातल्या जावाचं नाव आता विषाणूला लागलं. एवढी बारशी झाली तरी लासोटा आणि एफ-वन या लसी त्याच. मोबाईलवर 'नवा विषाणू आला' म्हणून असलं लांबलचक नाव फिरलं, तर आधी तो जुनाच नाही ना, हे बघावं.

हे नवं दोन शब्दांचं नाव, आधी प्रजाती मग जाती, २०२१ पासून सगळ्याच विषाणूंना लावायचं ठरलं. रेबीजचा झाला लिसाव्हायरस रेबीज, लम्पीचा कॅप्रिपॉक्सव्हायरस लम्पीस्किनपॉक्स. ही नावं शास्त्रज्ञांच्या वहीतली. रोगाचं नाव त्यामुळे बदलत नाही, दवाखान्यातही जुनंच चालतं. कोविड-१९ हे रोगाचं नाव आणि सार्स-कोव्ह-२ हे विषाणूचं, तसंच हे.

पण घर एक म्हणजे लस एक, असंही सरसकट धरू नये. लाळ्या-खुरकूत बघा. १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी हा रोग जिवाणूपेक्षाही बारीक काहीतरी पसरवतं हे दाखवलं. जनावरांच्या रोगात विषाणू सापडला तो इथे पहिल्यांदा. कुळ पिकोर्नाविरिडी, प्रजाती ॲफ्थोव्हायरस, जातीही एकच. तरी तिच्यात सात प्रकार आहेत आणि एका प्रकाराची लस दुसऱ्याला अडवत नाही. म्हणून आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे तिन्ही एकत्र घालतात. बाटलीवर ही तीन नावं लिहिलेली असतात. टोचणीच्या वेळी ती आणि मुदतीची तारीख डॉक्टरांकडून बघून घ्यावी. बाटली बर्फाच्या पेटीतून निघाली की खिशातून, तेही बघावं.